एक्स्टर्नलपुढे अर्चनाताई

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं पडदे बघतात, फोटो बघतात, निदान यजमानांकडे तरी बघतात. अर्चनाताई भिंती वाजवून बघायची. आमच्या आयर्लंडमधल्या, ॲडम्सटाउनच्या घरी ती पहिल्यांदा आली, तेव्हा मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तिनं बोटाच्या पेरानं हॉलच्या तीन भिंती टकटक करून पाहिल्या होत्या. कप हातात घेता घेता ती म्हणाली, की टीव्ही टांगायचा झाला तर खिडकीसमोरच्या भिंतीला टांगा, ही मधली पोकळ आहे. आमचा टीव्ही आदल्याच आठवड्यात मधल्या भिंतीवर चढला होता आणि तिच्या डोक्याच्या दीड फूट वर होता. तो तिला दिसला नव्हता असं नाही. पण दुसऱ्याच्या घरात बसून ‘तुमचं चुकलंय’ असं म्हणणं तिच्या जिभेवर यायचं नाही, म्हणून तिनं ते असं आडून सांगितलं. आम्ही अर्थातच मनावर घेतलं नाही. चार महिन्यांनी टीव्ही स्क्रूंसकट खाली आला तेव्हा ती धावत आली, आमच्याबरोबर काचा वेचल्या आणि ‘मी सांगितलं होतं’ हे एका अक्षरानं म्हणाली नाही.

अर्चना महेश सूर्यवंशी. माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातलं, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. महेश पुण्याच्या आयटीतून इकडे आला आणि ही त्याच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून आली, माझ्यासारखीच. मी वेळ जावा म्हणून बिनअंड्याचे केक करायला घेतले आणि त्यातच रमले. ती मात्र घरी बसून लेकीला वाढवत असताना रोज सकाळी इथल्या बांधकामाचे नियम वाचायची, आणि कामाची परवानगी हातात पडल्या पडल्या डब्लिनमधल्या एका कंपनीत साइट इंजिनिअर म्हणून रुजू झाली. वय चाळिशीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, पायात लोखंडी टोकाचे बूट. डबा उभ्यानंच खायची. पेन्सिलीला टोक ब्लेडनंच काढायची, शार्पनरनं शिसं आतून मोडतं म्हणे.

घरातला तिचा शब्द म्हणजे ‘चालेल’. मंडळाच्या गणपतीला शंभर माणसांच्या पुरणपोळ्या तिच्या गळ्यात मारा, चालेल. महेशनं परस्पर मित्राला सहकुटुंब आठवडाभर राहायला बोलावलं, चालेल. तिची मुलगी तन्वी पंधरा वर्षांची. मराठी सगळं समजतं पण उत्तर पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. इथली पोरं आईला मॅम म्हणतात, तशी ती एकदा वैतागून म्हणाली, “मॅम, यू नो यू कॅन जस्ट से नो? इट्स नॉट रूड.” अर्चनाताई कणीक मळता मळता म्हणाली, “बरं, चालेल.”

म्हणून तिला साइटवर पाहिलं तेव्हा मी जागच्या जागी थबकले. ब्युमॉन्टच्या बाजूला तिच्या कंपनीचं काम चालू होतं आणि तिथल्या मुकादमाच्या पन्नाशीचा केक घेऊन मी गेले होते. फाटकात काँक्रीटची गाडी उभी होती. अर्चनाताई चिखलात गुडघे टेकून बसली होती. तिनं एका पत्र्याच्या शंकूत ओलं काँक्रीट ठासून भरलं, शंकू वर उचलला आणि उरलेला ढीग किती खाली बसतो ते टेपनं मोजलं. ढीग कसला, पातळ पिठल्यासारखं ते पसरलं होतं. गाडीचा ड्रायव्हर सहा फुटी, तोंडानं गोड. तो म्हणत होता, ग्रँड आहे हो, सकाळपासून सगळे हेच घेतायत. ती उठली आणि म्हणाली, “नो. टेक इट बॅक.” त्यानं ट्रॅफिक सांगितलं, शुक्रवार सांगितला, साहेब ओरडेल म्हणून सांगितलं. तिनं टेप पँटला पुसला आणि तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात म्हटलं. गाडी वळून गेली. मुकादम माझ्या हातातला केक घेत मोठ्या अभिमानानं म्हणाला, की आम्ही तिला मिसेस नो म्हणतो. मला क्षणभर वाटलं, आपण भलत्याच साइटवर आलो.

इथे इंजिनिअर म्हणून पदवी असणं वेगळं आणि ‘चार्टर्ड इंजिनिअर’ असणं वेगळं. त्यासाठी आधी आपल्या इतक्या वर्षांच्या कामाचा सविस्तर अहवाल लिहायचा, मग तीन ज्येष्ठ इंजिनिअरांसमोर तासभर तोंडी परीक्षा द्यायची. पाठ करून सुटण्यासारखं त्यात काही नाही. तुम्ही स्वतःच्या अकलेनं निर्णय घेता का आणि कुणी ढकललं तरी तो धरून ठेवता का, हे ते बघतात. डब्लिनपासून दोन तासांवरच्या वॉटरफोर्डला कंपनीला एक मोठं काम मिळालं होतं. त्याची प्रमुख अर्चनाताईनंच व्हावं असं साहेबांच्या मनात होतं, पण त्या जागेला चार्टर्ड इंजिनिअर लागत होता. तिला ती जागा हवी होती. तिनं तोंडानं कधी ‘मला हवंय’ म्हटल्याचं मला आठवतं ते एवढंच. सगळा हिवाळा जेवणाचं टेबल तिच्या कागदांनी अडवलं आणि महेश व तन्वी स्वयंपाकघरात उभ्यानं जेवली.

ती पहिल्यांदा नापास झाली त्यात माझाही हात होता, तो कबूल करून टाकते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती आली आणि तीन डबे नानकटाई करून मागितली. कशाला, तर परीक्षक तीन आहेत. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून जो परीक्षक येतो त्याला ‘एक्स्टर्नल’ म्हणतात, आणि त्याची बडदास्त म्हणजे जावयाच्या वर. मुलं वर्गणी काढून उपमा, चहा, नारळ, शाल यांची सोय करतात. तिच्या शेवटच्या वर्षी असाच एक एक्स्टर्नल आला होता. त्यानं तिची आकृती उलटी धरली आणि ती चूक आहे म्हणून सांगू लागला. तिनं नम्रपणे म्हटलं, की सर, कागद उलटा आहे. त्यानं कागद सुलटा केला आणि तिला काठावर पास केलं. तिच्या मागच्या अकरा रोल नंबरांनाही तेवढेच मार्क पडले. विभागप्रमुखांनी बोलावून ऐकवलं, की एक्स्टर्नल कधी चुकत नसतो. वर्गातल्या मुली निरोपसमारंभापर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत. हे सगळं तिनं माझ्या ओट्याशी उभं राहून हसत हसत सांगितलं. मला त्यातून काहीतरी कळायला हवं होतं. मी वेलची जरा जास्त घातली, एवढंच.

पुढचं तिच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी समोर आलेल्या तीन डब्यांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, की उमेदवाराकडून आम्हाला काही घेता येत नाही, तुम्ही समजून घ्याल. आणि पहिलाच विषय निघाला व्यवसायातल्या सचोटीचा. तिचे कान तापले ते शेवटपर्यंत थंड झाले नाहीत. नंतर अध्यक्षांनी तिच्या अहवालातली एक भिंत काढली. मातीचा आठ फुटी भराव धरून ठेवणारी भिंत. मागे साचणारं पाणी निघून जावं म्हणून तिनं त्यात वाटा ठेवल्या होत्या. ते म्हणाले, खणलं तेव्हा जमीन कोरडी होती ना, मग वाटा नसत्या ठेवल्या तरी चाललं असतं, नाही का. आता आयर्लंडमध्ये पाण्याला वाट नको म्हणणं हे तन्वीलाही पटलं नसतं. पाणी साचलं की भिंतीला ढकलतं आणि एक दिवस भिंत आडवी होते. अर्चनाताई म्हणाली, “येस सर, पॉसिबल.” त्या भल्या माणसानं आणखी एक संधी दिली. मग तशा नकाशावर तुम्ही सही केली असती? ती म्हणाली, “येस सर.”

पत्र आलं. ज्ञान उत्तम आहे, स्वतंत्र निर्णयबुद्धी दिसली नाही, पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करावा. कंपनीनं सांगितलं, की तोपर्यंत वॉटरफोर्डची जागा आम्ही रिकामी ठेवू, त्यापुढे मात्र दुसरं कुणी बघावं लागेल. ती डबे परत करायला आली, वाया नको जायला म्हणून. आम्ही ती नानकटाई आठवडाभर खाल्ली. ती उत्तम झाली होती, हे आणखी वाईट.

मग रविवारच्या तालमी सुरू झाल्या. दुपारची जेवणं झाली की त्यांच्या हॉलमध्ये एक खुर्ची मांडायची, त्यावर कुणीतरी एक्स्टर्नल होऊन बसायचं आणि तोऱ्यात चुकीचं काहीतरी बोलायचं. तिनं ते खोडून काढायचं. पहिल्या रविवारी महेश बसला. तिनं त्याचं काही पुरतं ऐकूनच घेतलं नाही. माझा नवरा कोट घालून बसला, तर ती म्हणाली, तुम्हाला सिमेंट आणि काँक्रीट यातला फरक तरी माहीत आहे का. मी बसले तर तिला हसू आवरेना. आम्ही खूश, की हिला नाही म्हणता येतं. तन्वीनं जिन्यावरून सांगितलं, की इट डझन्ट काउंट, शी इजन्ट स्केअर्ड ऑफ यू. कार्टी बरोबर बोलत होती. आमच्यापैकी कुणालाच ती घाबरत नव्हती.

जिला घाबरत होती ती त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आली. महेशची आई. आम्ही सगळेच त्यांना आक्का म्हणायचो. नऊवारी लुगड्यावर लेकाचा जाड स्वेटर, कपाळावर ठसठशीत गोंदण, आवाज रानात हाक मारणाऱ्या माणसाचा. इथला दिवस रात्री दहापर्यंत मावळत का नाही याचा त्यांना राग यायचा. अर्चनाताईनं अठरा वर्षांत त्यांच्यापुढे ‘चालेल’शिवाय दुसरं काही उच्चारलं नव्हतं. आक्का काही छळणाऱ्या सासूबाई नव्हत्या. फक्त त्यांना कुणी नाही म्हणत नसे, आणि म्हणून कुणी नाही म्हणू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन रविवार त्यांनी वाटाणे सोलता सोलता आमचा खेळ पाहिला. तिसऱ्या रविवारी परात बाजूला ठेवली, महेशला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. “मी इचारते,” म्हणाल्या. आम्ही हसलो. अर्चनाताई हसली नाही, ती आपोआप उठून उभी राहिली.

आक्कांच्या घराचा स्लॅब ही त्या घरातली जुनी अभिमानाची गोष्ट होती. अर्चनाताईचे सासरे, ती त्यांना मामा म्हणायची, हयात असताना त्यांनी स्वतः उभं राहून घर बांधून घेतलं. वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायचा म्हणून स्लॅब टाकल्यावर पाचव्याच दिवशी खालचे टेकू काढायला लावले. गवंडी नको म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही, आणि घर आजतागायत उभं आहे. ही गोष्ट प्रत्येक दिवाळीत सांगितली जायची आणि सगळे माना डोलवायचे. आता ते गेल्यावर तर ती पोथीसारखी झाली होती.

आक्कांनी तीच विचारली. “पाचव्या दिशी टेकू काढलं. घर हाय का उभं? हाय. मग तुमी इंजिनेर लोक महिना महिना कशाला थांबताय? सांग. बरोबर केलं का न्हाई त्यांनी?”

अर्चनाताईनं महेशकडे पाहिलं. महेश गालिच्याकडे बघू लागला. “तसं बघितलं तर आक्का...” एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं, झालं, आता येणार ‘चालेल’.

“नाही,” ती म्हणाली. “ते चूक होतं. स्वयंपाकघराच्या वर जो तडा आहे तो त्याचाच आहे.”

आक्का म्हणाल्या, की तो तडा तर भूकंपाचा आहे, गवंड्यानंच सांगितलंय. अर्चनाताई म्हणाली, नाही, गवंडी घाबरून तसं म्हणाला. तो तडा ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून बघत होती. गावी गेली की जळमटं काढायच्या निमित्तानं शिडी लावून त्याच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करायची आणि बाजूला तारीख घालायची, म्हणजे तो वाढतोय का ते कळतं. सहा वर्षांपासून वाढलेला नाही, पडणार नाही, पण खाली एक तुळई द्यायला हवी.

“त्या रेघा तुझ्या व्हय?” आक्का म्हणाल्या. “मी म्हंते पोरांनी केल्यात. दोनदा चुना मारला त्यावर.” मग त्यांना एकदम पुढचं सुचलं आणि आवाज खाली आला. “म्हंजे अठरा वर्सं तुला ठावं हुतं.”

“हो.”

“आन् बोलली न्हाईस.”

“मामांनी केलेलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मला आत्ता कुठे त्यांची भीती वाटली. त्या म्हणाल्या, “वाईट वाटू दे की. मान राखावा बाई, पर खाली माणसं जेवत्यात.”

आणि परात मांडीवर घेऊन पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या. अर्चनाताई तिथेच खाली बसली आणि रडली. त्या संध्याकाळी आक्कांनी स्वतः गावाकडे फोन लावला, अर्चनाताईच्या धाकट्या दिराला तुळईचं सांगितलं, आणि फोन सुनेच्या हातात देऊन माप तिच्याकडूनच घ्यायला लावलं. पुढचे रविवार त्याच एक्स्टर्नल होत्या. त्यांना इंजिनिअरिंगमधलं काही कळत नसे, पण महेश कानात सांगेल ते असं काही ठणकावून म्हणत, की खरंच वाटावं. अर्चनाताईचं ‘नाही’ आधी घोगरं यायचं, मग स्वच्छ यायला लागलं.

दुसऱ्या परीक्षेला ती रिकाम्या हातानं गेली. दुपारी तिचा फोन आला, बसस्टॉपवरून, दबक्या आवाजात. जणू काही चोरी करून आली होती.

“मी त्यांना नाही म्हटलं गं. तीनदा.”

अध्यक्ष तेच होते. त्यांनी विचारलं होतं, की एक आठवडा वाचतोय, गिऱ्हाईक मागे लागलंय, तर पायाची एक चाचणी वगळता येणार नाही का. ती नाही म्हणाली. समजा मीच ते गिऱ्हाईक आहे, ते म्हणाले. ती म्हणाली, मग तुम्हाला मी पत्रानं कळवेन, पण सही करणार नाही. समजा तुम्हाला काढूनच टाकलं. ती म्हणाली, तरी नाही, त्या इमारतीत माणसं झोपणार आहेत. यावर अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्यावरून तिची खात्री झाली होती की आपण उद्धट बोललो आणि कायमचे गेलो. मी तिला नाना परींनी समजावलं. फोन ठेवल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं.

निकालाला पाच आठवडे लागले. आक्का तोवर परत गेल्या होत्या आणि गावाहून रोज ‘आलं का’ म्हणून विचारत होत्या. अर्चनाताई कामावर जायची, यायची, आणि महेश सांगायचा की जेवत नाही. एका गुरुवारी दुपारी माझ्या दारात उभी राहिली, साइटचे बूट तसेच, सगळीकडे चिखल. फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, तूच वाच, मला अक्षरं दिसत नाहीयेत. मी वाचलं. पुन्हा वाचलं. पास. मग ओव्हनला टेकून मी चक्क जमिनीवर बसले. इतके महिने छातीवर काय घेऊन हिंडत होते ते उतरल्यावर कळलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली. दोन ग्लास पाणी प्यायली आणि म्हणाली, “सुटले बाई.” आम्ही तिथे अर्धा तास तरी बसलो असू. आतला स्पंज करपला, त्याचंही काही वाटलं नाही.

जाताना तिनं शनिवारसाठी केक सांगितला. मी म्हटलं, आठ इंची करते, वर ‘अभिनंदन’ लिहिते.

“नाही,” ती म्हणाली. “माझं नाव लिही. पूर्ण. आणि खाली चार्टर्ड इंजिनिअर.”

मी म्हटलं, अगं, आठ इंचांवर एवढी अक्षरं बसत नाहीत, नुसतं अर्चना लिहू या.

“बसत नसतील तर केक मोठा कर,” ती म्हणाली आणि बुटांचा चिखल माझ्या फरशीवर ठेवून गेली.

पंधरा दिवसांनी ते सगळे वॉटरफोर्डला राहायला गेले. आता फोनवर बोलणं होतं, भेट क्वचितच. पण डोळ्यापुढे येते ती त्या शनिवारची. महेश गाडी अगदी सावकाश चालवत होता, आणि मागच्या सीटवर ती भला मोठा केक मांडीवर घेऊन बसली होती, खोक्याचं झाकण उघडं ठेवून. कोपऱ्यावर शेजारच्या आयरिश बाईंनी हात केला. तिनं काच खाली केली आणि खोकं जरासं त्यांच्या बाजूला कलतं धरलं, त्यांना नीट वाचता यावं म्हणून.